आंबोलीची बारा मिनिटं

"गाडी चालती कुठं?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

मी बॅगेतून लॅपटॉप काढत होतो. वर न बघताच म्हणालो, "कुठंही चालू दे की चाचा. तीन रन मूळ सेटिंगवर घ्या, तीन माझ्या सेटिंगवर घ्या आणि छापील कागद द्या. संपलं काम."

"तुला न्हाई विचारलं. गाडीवालीला विचारलं."

गाडीवाली म्हणजे इंदूअक्का भोई. शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर पदर खोचून बसल्या होत्या. वेंगुर्ल्याहून कोल्हापूरला मासळी आणणाऱ्या नऊ पिकअप गाड्या त्यांच्या होत्या आणि नऊच्या नऊ ड्रायव्हर त्यांना वचकून असायचे. त्या म्हणाल्या, "आमची गाडी आंबोलीच्या घाटात चालती बघा. जाताना रिकामी, येताना भरल्याली. मासळी आन् बरफ मिळून दीड टन."

चाचांनी मान हलवली, खिशातून भुईमुगाच्या चार शेंगा काढून फोडल्या आणि ते कामाला लागले. मला वाटलं, म्हातारा उगाच वेळ काढतोय.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि सगळं जग माझ्यापेक्षा थोडं कमी हुशार आहे, असं माझं प्रामाणिक मत होतं. नाव धैर्यशील पाडळकर. आईवडिलांनी नाव ठेवताना जरा घाईच केली, कारण धीर हा गुण माझ्यात औषधालाही नव्हता.

माझा धंदा ट्यूनचा. हल्लीच्या इंजिनाला एक मेंदू असतो. कोणत्या क्षणी किती डिझेल सोडायचं, याचं गणित कंपनीनं त्यात भरून दिलेलं असतं. ते काढून मी त्या जागी माझं गणित भरायचो. गाडी दणदणीत पळायची. कंपनीवाले भित्रे असतात, हातचं राखून ठेवतात, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खरंही होतं. फक्त ते हातचं का राखतात, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

इंदूअक्कांची अट सरळ होती. "कागदावर दाखीव. मग नऊ गाड्या तुझ्या." घाटात गाड्या दमायच्या, वाटेत बर्फ वितळायचा, मासळी बाजारात उशिरा पोचायची, ही त्यांची अडचण. माझ्यासाठी ते काम म्हणजे नशीबच उघडल्यासारखं होतं. नोकरी सोडून आठ महिने झाले होते आणि घरात आता माझ्याशी कुणी धंद्याबद्दल बोलत नव्हतं. असं न बोलणं विचारण्यापेक्षा वाईट असतं.

कागद मिळण्याची जागा आमच्याकडे एकच. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली दस्तगीर मुल्लाणींची शेड. चाचांनी एका डिझेल इंजिनच्या कारखान्यात तीस वर्षं टेस्टिंगला काढली होती आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचा डायनो बसवला होता. डायनो म्हणजे जमिनीत पुरलेले दोन जाड रोलर. गाडी पट्ट्यांनी बांधायची, मागची चाकं रोलरवर ठेवायची आणि जागच्या जागी पळवायची. रोलरला ब्रेक असतो. तो गाडीला किती जोर लावावा लागतोय ते मोजतो आणि संगणकावर रेघ उमटते.

पण त्या सकाळी माझ्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती अक्कांना ठाऊक नव्हती.

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, आनंदादाजी, अक्कांच्याच गाडीवर ड्रायव्हर होते. अक्कांचा नियम होता, की त्यांना विचारल्याशिवाय गाडीच्या इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. मागं एका ड्रायव्हरनं परस्पर कसलासा पंप बदलला, तर त्याला त्यांनी त्याच दिवशी घरी बसवलं होतं. आणि मी परवा संध्याकाळी दाजींच्या गाडीत माझी ट्यून टाकली होती. दाजींनीच गळ घातली होती. "धैर्या, दुसऱ्या गाडीवरचा सलीम रोज घाटात मला मागं टाकतोय लेका. मेव्हणा इंजिनातला डॉक्टर आन् माझी गाडी आजारी, हे बरं दिसतंय का?" मी फुगलो. कागलच्या रस्त्यावर रिकामी गाडी पळवून बघितली, खूश झालो, दाजींची पाठ थोपटली. काल ते रिकामी गाडी घेऊन वेंगुर्ल्याला उतरले. आज दुपारी माझ्या ट्यूनवर भरलेली गाडी पहिल्यांदा घाट चढणार होती.

मला त्याची काळजी नव्हती. उलट अक्कांना नंतर सांगू, बघा, तुमची एक गाडी आधीच पळतेय, असा माझा बेत होता.

मूळ सेटिंगचे तीन रन झाले. प्रत्येक रन दहाबारा सेकंदांचा. चाचा कानावर मफलर गुंडाळून गाडीत बसायचे, गिअर टाकायचे आणि तळापर्यंत दाबायचे. पुढं एक मोठा पंखा घोंघावत होता, रस्त्यावरचा वारा गाडीला लागावा म्हणून. आकडा आला पंचाहत्तर हॉर्सपॉवर.

मग मी लॅपटॉप जोडला, माझी ट्यून भरली. पुन्हा तीन रन. मागून काळा धूर निघाला, शेडमधली चिमणी उडून बाहेर गेली आणि पडद्यावरची रेघ जुन्या रेघेला खाली सोडून वर गेली. शहाण्णव.

"म्हंजे एकवीस घोडं वाढलं?" अक्का खुर्चीतून उठून पडद्यापाशी आल्या.

"एकवीस, अक्का," मी म्हणालो. एवढा आनंद मला बारावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

"चाचा, छापा कागद," मी म्हणालो.

चाचा गाडीतून उतरले. वाकून त्यांनी धूर निघत होता त्या नळीजवळ नाक नेलं, मग बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या बाजूला एक बारीक वायर बसवू लागले.

"हे काय?"

"टेंपरेचरची वायर. जळून बाहेर पडणारा धूर किती तापतोय ते बघायचं."

"कशासाठी? रन तर झाले."

"दहा सेकंदाचं झालं," चाचा म्हणाले. "घाट दहा सेकंदाचा आसतोय का? दाणोली सोडल्यावर खरी उभी चढण बारा मिनिटाची हाय. मी जाऊन घड्याळ लावून बघितलीया. बारा मिनिटं चढवू दे. मग छापतो."

"मी एवढ्याच रनचं ठरवलं होतं, चाचा."

"तुझ्याकडनं जास्तीचं घेणार न्हाई."

मी अक्कांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "चढवू दे की. आपलं काय जातंय?"

चाचांनी रोलरच्या ब्रेकवर दीड टनाचा भार लावला. मग जाऊन तो मोठा पंखा अगदी हळू केला.

"पंखा का कमी केला?" माझा आवाज चढला. "असं कुणी टेस्टिंग करतं का? गाडी तापणारच!"

"घाटात वारा कुठनं आणतोस?" चाचांनी शांतपणे विचारलं. "दुसऱ्या गिअरात, वीसच्या चालीनं गाडी चढतीया. एवढाच वारा लागतोय."

पहिली दोन मिनिटं गाडी मजेत चढली. मी अक्कांना समजावून सांगत होतो, बघा, कसा दम आहे. तिसऱ्या मिनिटाला वायरीचा आकडा सातशे अंशांवर गेला. चौथ्याला साडेसातशे. पाचव्या मिनिटाला ताकदीची रेघ खाली वाकायला लागली. माझी शहाण्णववाली रेघ उताराला लागल्यासारखी खाली येत येत पंचाहत्तरच्याही खाली गेली आणि तापमान मात्र चढतच राहिलं. आठशे वीस. आठशे चाळीस. करपल्याचा वास शेडभर पसरला.

सातव्या मिनिटाला चाचांनी पाय काढला. "बास. ह्याच्या म्होरं गेलो तर पिस्टनचं डोकं वितळंल."

अक्का म्हणाल्या, "आन् घाटात आसं झालं तर?"

"इंजिन धरतंय. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा जोर जातो, स्टेअरिंग जड पडतंय. मागं दीड टन. वळणावर आसंल तर गाडी मागं ओढतीया." चाचांनी दरीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मी घड्याळात बघितलं. पावणेबारा. दाजी वेंगुर्ल्याहून निघाले असणार.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून लाज वाटते. दाजींच्या गाडीचं सांगायचं सोडून मी म्हणालो, "ही गाडीच खराब असेल. मूळ सेटिंगवरही तापेल ही." चाचा म्हणाले, "बघू की. मूळ टाक परत." मी मूळ गणित भरलं, गाडी थोडी निवू दिली आणि चाचांनी तीच बारा मिनिटं पुन्हा सुरू केली.

मी शेडच्या मागं जाऊन दाजींना फोन लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' पुन्हा लावला. तेच. आत आलो. पडद्यावर मूळ सेटिंगची रेघ सरळ चालली होती आणि मी, ज्यानं नवस कधी बोलला नव्हता, तो अंबाबाईला मनातल्या मनात म्हणत होतो, ही गाडीही तापू दे. म्हणजे चूक माझी ठरणार नाही. म्हणजे दाजींची नोकरी जाणार नाही, नऊ गाड्यांचं काम जाणार नाही. माणूस घाटाकडं निघाला होता आणि मी देवाकडं मागत काय होतो, तर हे.

गाडी तापली नाही. सहाशे दहा अंशांवर जाऊन आकडा थांबला तो थांबलाच. आठ मिनिटं झाली, नऊ झाली. पंचाहत्तरची रेघ जरा बसली आणि सत्तरवर ठाण मांडून राहिली. दहाव्या मिनिटाला चाचा काचेतून माझ्याकडं बघत होते. त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी गाडी बंद केली आणि खाली उतरले.

"काय झालं रं पोरा?"

त्या एका प्रश्नानं मी फुटलो. "अक्का," मी म्हणालो, "तुमच्या आणखी एका गाडीत हेच टाकलंय मी. परवा."

"कुठल्या?"

"दाजींच्या. आनंदादाजींच्या. मीच टाकलं. ते भरून निघालेत. फोन लागत नाही."

अक्का ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. कमरेच्या पिशवीतून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला आणि लावला. दाणोलीत घाटाच्या पायथ्याशी गावड्यांचं हॉटेल आहे. अक्कांचे सगळे ड्रायव्हर तिथं चहा पितात आणि मासळीवर वरून बर्फ घालून घेतात. तिथला फोन तारेचा होता, म्हणून लागला. अक्कांनी स्पीकर चालू केला.

"गावडे, आनंदा आलाय?"

"इलो होतो तो. आत्ताच उठलो गो अक्का, गाडी सुरू करता हा."

"थांबीव त्येला! पळ!"

गावड्यांनी फोन ठेवला नाही, तसाच गल्ल्यावर टाकला. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. कपबशा वाजत होत्या, रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, आणि त्यामागं डिझेल इंजिनाचा आवाज. माझ्या ट्यूनचा आवाज मला शंभर गाड्यांत ओळखू आला असता. तो आवाज चढला, गिअर पडला, आणि लांब जायला लागला. गावडे कुठंतरी ओरडत होते, "ओ आनंदा! ओ ड्रायव्हरानू!"

चाचांनी माझा खांदा धरून ठेवला होता. हे मला नंतर कळलं, संध्याकाळी खांदा दुखायला लागला तेव्हा.

इंजिनाचा आवाज थांबला. मग थोड्या वेळानं धापा टाकत दाजी बोलले, "अक्का, काय झालं वो? बरफ ताजा घातलाय की!"

"आनंदा," अक्का म्हणाल्या, "गाडीची चावी काढून गावड्याच्या गल्ल्यावर ठेव. मी येईस्तवर गाडीला हात लावायचा न्हाई. मासळी सावंतवाडीच्या बाजारात उतरवाय दुसरी गाडी बोलीवतो मी." आमच्याकडच्या बायका अजूनही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्या दिवशी त्या बोलण्यात मला कुणीतरी पुरुषासारखं पुढं उभं राहिल्याचा आधार वाटला होता, हे कबूल करतो.

डायनोवरची गाडी मूळ सेटिंगवर होतीच. तीच घेऊन आम्ही निघालो. मी चालवत होतो, शेजारी अक्का. आजऱ्यात चहाला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या भणीला दोन पोरी न्हवं?"

"हो."

"थोरली कितवीला?"

"चौथीला."

त्यांनी चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसल्या. अख्ख्या रस्त्यात मला त्यांनी दिलेली शिक्षा तेवढीच.

दाणोलीला दाजी हॉटेलच्या बाकड्यावर मान खाली घालून बसले होते. मी लॅपटॉप जोडून त्यांच्या गाडीतलं माझं गणित पुसलं. वर येताना अक्का आमच्या गाडीत, मासळीच्या गाडीबरोबर आलेल्या एका ड्रायव्हरला घेऊन पुढं निघाल्या आणि मी दाजींच्या शेजारी बसलो. दिवस मावळायला तासभर होता. धबधब्याच्या अलीकडं एक वळण आहे, तिथं डाव्या हाताला कठडा तुटला होता आणि खाली नुसती झाडांची टोकं दिसत होती.

"हितं," दाजी म्हणाले, "हितंच आज सलीमला मागं टाकायचं ठरीवलं हुतं. म्हटलं, दाबायचा तळापतोर."

उभी चढण सुरू झाल्यापासून तिथपर्यंत यायला आम्हाला सात मिनिटं लागली होती. मी घड्याळात बघितलं होतं.

दाजींची नोकरी गेली नाही. अक्कांनी दोघांना समोर उभं करून जे काय बोलायचं ते बोलून घेतलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवशी दाजी गाडीवर होते. मला त्या म्हणाल्या, "तुझं गणित नगं आमाला. पर गाड्या दमत्यात ते खरंच हाय. त्येचं काय करशील?" मी चाचांकडं गेलो. त्यांनी मला नऊ गाड्यांचे रेडिएटर उघडायला लावले. खारी हवा, माशाचं पाणी आणि रस्त्याची धूळ यांचा थर त्यांत थापलेला होता. हवेच्या नळ्या दोन गाड्यांत फाटलेल्या, फिल्टर काळे ठिक्कर. महिनाभर मी तेवढंच केलं. ट्यूनचा एक आकडा बदलला नाही. गाड्या घाट चढायला लागल्या. माझं आजचं वर्कशॉप त्या रेडिएटरच्या चिखलातून उभं राहिलंय.

त्यानंतर एकदा पेढ्याचा पुडा घेऊन मी चाचांच्या शेडवर गेलो आणि विचारलं, "चाचा, मी घाटाचं टेस्टिंग मागितलं नव्हतं. तुम्ही का केलंत?"

चाचा शेंगा सोलत होते. म्हणाले, "गाडी अक्काची. रस्ता अक्काचा. आकडा तेवढा तुझा हुता. मग म्या रस्ता बघितला."

मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आन् तू 'कुठंही चालू दे' म्हणालास. कुठंही चालणारी गाडी म्या आजून बघितली न्हाई."

चाचा जाऊन सहा वर्षं झाली. शेड त्यांची मुलगी शमीम चालवते आणि गाडी पट्ट्यांनी बांधायच्या आधी तीही विचारते, "चालती कुठं?" मीही ट्यून करतो अजून, पण घाट चढवल्याशिवाय गाडी हातातून सोडत नाही. गिऱ्हाईक कटकट करतं. मी करू देतो. मीही केली होती.

दाजी आता आठवड्यातून तीनच फेऱ्या करतात. आता दाणोलीत मोबाइलला रेंज असते. चढायच्या आधी ते मला एक मिस कॉल देतात आणि वर आंबोलीत पोचले की दुसरा. कधी बोलत नाहीत, नुसती रिंग. बायको विचारते, चौदा वर्षं झाली, अजून कशाला? तेव्हा मी हसतो.

पहिली रिंग वाजली की हातातला पाना खाली ठेवतो. दुसरी वाजली की मनात चाचांचं नाव घेतो आणि जेवायला बसतो.